चालू लाइन

“थांब गं, आधी हातमोजे घालू दे,” हे म्हणाले. खुंटीवरचे जाड रबरी हातमोजे चढवून त्यांनी सात महिन्यांच्या नीलाकडे हात पुढे केले. रबर गालाला लागताच पोर किंचाळली. मी तिला उचलून मागे सरले.

हे, म्हणजे चन्नवीर, गदगला लाइनमन. अकरा वर्षं खांबांवर गेली. नीलाच्या जन्मानंतर महिन्याभरात यांचं हृदय दगा देऊ लागलं, म्हणून छातीत कातडीखाली यंत्र बसवलं. ठोके भरकटले की ते आतूनच विजेचा झटका देतं. गेल्या पंधरवड्यात तीनदा दिला होता.

यांचा कामावरचा जोडीदार मल्लेशी ओट्यावरून म्हणाला, “अण्णा, वहिनींना तरी मोजे काढून शिवतोस ना?”

“कुणालाच शिवत नाही. चालू लाइनला हात लावायचा नसतो, विसरलास?”



मी बी.एस्सी. झालेली. शिवणाऱ्याला फार तर झिणझिण्या येतील, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. मला पटलंही होतं. तरी पोर मागे ओढणारी मीच.

मंगळवारी मी रोटी वाढत असताना यांचा चेहरा पांढरा पडला. तोल गेला तसं मी मनगट धरलं.

“सोड! सोड म्हणतो ना!”

मी सोडलं नाही. यांचं अंग उसळलं. माझी बोटं झिणझिणली, एवढंच.

दवाखान्यात पडद्यावर यांचं हृदय दिसलं. हलत होतं, पण दमलेल्या माणसासारखं.

“झटक्यानं जीव वाचतो,” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “पण त्यानं स्नायू काही वेळ बधिर होतो. धड असला तर लवकर सावरतो. यांचा मुळात दुबळा, त्यात झटके वरचेवर. या वेळी पुरता सावरलेला नाही. औषध बदलून बघू.”

घरी आल्यावर मी म्हटलं, “अहो, मी हात धरला होता. मला काही झालं नाही.”

“खोटं.”

“नीलाची शपथ.”

यांनी उघडे तळवे पुढे केले. “आण तिला.”

मी पोर यांच्या हातांवर ठेवली. तिने लगेच शर्टाचं बटण तोंडात घातलं.

“जड झाली की गं!”

यांचे हात खाली येऊ लागले. दुपट्याखालून मी माझा तळवा सरकवला आणि सगळा भार घेतला.

“बघ,” हे म्हणाले, “पेलवतेय मला.”

“हो तर,” मी म्हटलं.