ओस्तापचा सदरा

"मेलानिया हावरिलिव्ना, माझी पिशवी कुठंय?" दोन कळांच्या मधल्या उसंतीत सोलोमियानं विचारलं.

सदरा कपाटात आहे, तू आधी नीट श्वास घे, असं मी तिला दटावलं. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत एकच वस्तू होती, नवऱ्याचा सदरा. आमच्याकडे तान्ह्याचं कापडचोपड जन्माआधी कुणी घरात आणत नाही, अपशकुन मानतात. पण आल्याआल्या बाळाला गुंडाळतात ते बापाच्या वापरातल्या सदऱ्यात. बाप मग लेकराला अंतर देत नाही म्हणतात.

तिचा नवरा ओस्ताप लढाईआधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मार्चमध्ये आघाडीवरून दहा दिवसांच्या रजेवर आला होता, मे महिन्यात बेपत्ता झाल्याचा कागद आला. मेला म्हणत नाहीत, जिवंत आहे म्हणत नाहीत. डिसेंबर उजाडला तरी सोलोमियाची पोस्टात चौकशी चालूच होती.

एके काळी आमच्या या प्रसूतिगृहात महिन्याला तीस-तीस बाळंतपणं व्हायची, खाटा व्हरांड्यात टाकाव्या लागायच्या. आता पुरुष आघाडीवर, निम्म्या सुना पोलंडमध्ये, आणि राहिल्यात त्या म्हणतात, लढाई संपू दे, मग बघू. वय काही लढाईसाठी थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार? आमचे डॉक्टर बोहदान युरीयोविच काम नाही म्हणून दिवसभर जनरेटर खोलून बसतात. नव्या वर्षात आम्हाला टाळं लागणार, तसा कागद आलेला आहे. पुढची बाई अडली तर सत्तर किलोमीटर जाईल.

सोलोमियाचं बाळ हे त्रेचाळीस दिवसांतलं पहिलं. मला नुसतं उधाण आलं होतं. फरशी तीनदा पुसली, कात्र्या दोनदा उकळल्या. आणि आदल्या दिवशी ती दाखल झाली तेव्हा तिनं आणलेला सदराही, नेहमीप्रमाणे, उकळून, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करून ठेवला. चाळीस वर्षं सुईणपण करताना मी हे गुपचूप करत आले आहे. घामट, ग्रीसनं माखलेलं कापड मी तान्ह्याच्या अंगाला लावू देईन होय? कधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाप बाहेर खिडकीखाली फुलं घेऊन झिंगत उभा असायचा. त्याच्या सदऱ्याचा वास कोण घेत बसतं?

दुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तसं तिला आम्ही तळघरात नेलं. तिथंच मुलगी झाली. रडली ठणठणीत, वजनही चांगलं भरलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. मी मोठ्या ऐटीत बरोबर आणलेला सदरा काढला. सोलोमियानं तो आधी स्वतः मागून घेतला आणि नाकाशी धरला. मग कॉलर हुंगली, काखा हुंगल्या, बाह्या उलट्या केल्या.

"हा त्याचा नाही," ती म्हणाली.

मी तिला डाव्या बाहीवरचा जळल्याचा डाग दाखवला.

"मग वास कुठं गेला?" तिनं विचारलं. "पिशवीला गाठ मारून ठेवला होता मी. महिन्यातून एकदाच उघडायचे. जरासंच. संपू नये म्हणून."

माझ्या तोंडून निघालं, "नियम आहे गं, पोरी." ते शब्द मला अजून छळतात. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. नियम असेल, एवढंच ती म्हणाली. त्या पांढऱ्याफेक सदऱ्यात तिनं स्वतःच लेकीला गुंडाळलं. मग हळूच विचारलं, "पिशवी आहे का हो ती? टाकलीत?"

मी जिने धावत चढले. या वयात, भोंगा चालू असताना. स्वयंपाकघराच्या दाराआड आमची पिशव्यांची पिशवी लटकते. आम्ही पिशवी कधी फेकत नाही, युद्ध असो वा नसो. पन्नास-साठ तरी असतील. जमिनीवर ओतल्या आणि गुडघे टेकून एकेक उघडून हुंगत बसले. एकीला कांद्याचा वास, एकीला खारवलेल्या माशाचा. बाकीच्या सगळ्या स्वच्छ. कारण पिशव्याही मी धुऊन, वाळवून ठेवते.

शेवटी तिच्या पिशवीसारख्या दिसणाऱ्या चार निळ्या पिशव्या घेऊन खाली गेले. सोलोमियानं त्या एकेक करून तोंडावर धरल्या. तिसऱ्या पिशवीला बराच वेळ लावला. "हीच," ती म्हणाली. तोंड घट्ट पिळून तिनं गाठ मारली आणि ती उशीखाली सारली.

मी ती वर हुंगली होती. तिला माझ्या साबणाशिवाय कसलाच वास नव्हता.