गार होईपर्यंत दार उघडायचं नाही

माझा धाकटा भाऊ मातीची भांडी करतो, आणि वाट बघण्यात त्याचा हात धरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. चाकावरून उतरवलेला कप सुकायची वाट बघायची, सुकला की भाजायचा, भाजला की भट्टी गार व्हायची वाट बघायची. लग्नाच्या बाबतीतही त्याने तेच केलं. चाळिशी ओलांडली तरी हा आपला निवांत. मग चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक शांत बाई त्याला भेटली, आणि तिच्यासोबत तिची नऊ वर्षांची मुलगी. मी स्वतः गाडी चालवायला शिकवते. माझ्या धंद्यात वाट बघत बसलं तर समोरची भिंत जवळ येते. त्यामुळे आम्हा बहीणभावाचा एकमेकांवर जीव आहे, पण पटत कमी.

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण अगदी चपखल ठेवलंय. दिवसभर गुपचूप आपलं काम करत असते, आणि चावली की कळतं. मला तिने दुसऱ्याच दिवशी आत्या म्हणायला सुरुवात केली, कारण मी तिला उभ्या गाडीत स्टिअरिंगमागे बसवून हॉर्न वाजवू दिला. माझ्या भावाला मात्र ती काहीच म्हणत नसे. त्याच्याशी बोलायचं झालं की जवळ येऊन उभी राहायची आणि तो वर बघेपर्यंत थांबायची.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. एकदा तो शाळेत तिची राहिलेली वही द्यायला गेला, तसाच, कोपरापर्यंत मातीचे हात घेऊन. फाटकाशी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, हे कोण? मुंगी म्हणाली, आमच्याकडे रंगकाम चाललंय, त्यातला रंगारी. हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. दहा वर्षांच्या पोरीवर रागावणं मला शोभत नाही हे मला कळतं, पण मी रागावले होते, चांगली आठवडाभर. याला तिच्याकडून फार काही नको होतं. बाबा म्हण, गळ्यात पड, असलं काही नाही. चारचौघांत एकदा तिने तो आपला माणूस आहे असं दाखवावं, एवढंच. हे तो तोंडाने बोलणार नाही, पण मी त्याची बहीण आहे, मला न बोललेलंही ऐकू येतं.

तर त्या शनिवारी मुंगीच्या वर्गातल्या चार मुली घरी यायच्या होत्या. शाळेत सामूहिक नाच बसवत होते आणि सराव आळीपाळीने एकेकीच्या घरी चाले. जिच्या घरी सराव तिच्या घरी खाऊ. मागच्या सरावाला ओव्हनमधून काढलेले छोटे छोटे बर्गर मिळाले होते, तळहातावर मावतील एवढे, आणि त्यांची कीर्ती सबंध वर्गात झाली होती. मुंगीने आईकडे तेच मागितले. आईने फ्रोझन मिनी बर्गरची दोन खोकी आणून ठेवली, पण शनिवारी तिला दुकानातून सुट्टी नव्हती. म्हणजे बर्गर गरम करायचे ते माझ्या भावाने.

मुंगीने त्याला अटी घातल्या. त्या त्याने मला फोनवर सांगितल्या, आवाज अगदी खुशीत. नाच संपला की बर्गर तयार पाहिजेत. टेबलावर ठेवायचे. "आणि मग तुम्ही मागे वर्कशॉपमध्ये जाल ना?" असं तिने विचारलं होतं. तो जाईन म्हणाला होता. मला म्हणाला, तू नुसती येऊन बस, काही करू नकोस. मी म्हटलं, माझ्याच्याने ते होणार नाही. आणि गेले.

मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत सोफा भिंतीला लावला होता आणि मुली फरशीवर धपाधप उड्या मारत होत्या. त्यांच्यातल्या एका उंच मुलीला बाकीच्या भोंगा म्हणत होत्या. ती कुजबुजली तरी स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. भाऊ आत ओट्यापाशी उभा होता. हात नखांपर्यंत घासलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. इतका स्वच्छ तो लग्नातसुद्धा नव्हता.

ट्रेमध्ये बर्गर मांडलेले होते. एकाला दुसऱ्याचा स्पर्श नाही, सगळ्यांमध्ये बोटभर जागा. मी म्हटलं, खोक्यावर काय लिहिलंय? त्याने वाचून दाखवलं. ओव्हन आधी चांगला तापवून घ्या, गोठलेलेच बर्गर आत ठेवा, पंधरा मिनिटांनी काढा, लगेच वाढा. वाचून झाल्यावर खोकं त्याने बाजूला ठेवलं आणि मान हलवली. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात भट्टी बघितलेली दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. गारेगार वस्तू तापलेल्या भट्टीत टाकली की ती तडकणारच.

मी त्याला समजावलं की हा पाव आहे, सुरई नाही. तो म्हणाला, ताई, भाजणीच्या बाबतीत तू बोलू नकोस. एरवी मी आवाज चढवला की हा गप्प होतो, पण भट्टीचा विषय निघाला की तोच थोरला आणि मी धाकटी. शिवाय माझी बाजू जरा लंगडीच होती, कारण आमच्या घरी स्वयंपाक नवरा करतो आणि मला ओव्हनचं दार खाली उघडतं की बाजूला तेही नीट सांगता येत नाही.

मग त्याने थंड ओव्हनमध्ये थंड बर्गर ठेवले आणि बटण जेमतेम हलवलं. दार पूर्ण लावलं नाही. फटीत एक लाकडी चमचा अडकवला. कशाला, तर आधी आतलं पाणी बाहेर गेलं पाहिजे. कच्च्या मडक्यात थेंबभर पाणी राहिलं तरी ते फुटतं, आणि गोठलेल्या पावात तर पाणीच पाणी. फटीतून वाफ निघायला लागली तेव्हा त्याने समाधानाने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवर बसून उजवा पाय फरशीवर दाबत होते. माझ्या गाडीत शिकवणारीच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. या स्वयंपाकघरात तो नव्हता.

वाफ संपली, चमचा निघाला, बटण थोडं वर, मग आणखी थोडं वर. तो फरशीवर मांडी घालून काचेतून आत बघत बसला. बाहेर गाणं पाचव्यांदा पहिल्यापासून सुरू झालं. शेवटी त्याने ओव्हन बंद केला आणि म्हणाला, झालं. वास तर फक्कड सुटला होता. मी उठले, फडकं घेतलं, दाराला हात घालणार, तर त्याने माझं मनगट धरलं. गार होईपर्यंत दार उघडायचं नाही.

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. गरम भट्टी उघडायची घाई केली की महिन्याचं काम टिंग टिंग करत फुटतं, हे त्याच्या हाडात शिरलंय. त्याला बिचाऱ्याला या पोरीचं काम सगळ्यात नीट करायचं होतं, आणि नीट करायची त्याला एकच रीत माहीत होती.

तेवढ्यात मुंगी आली, घामाघूम. ताटल्या घेऊन सगळ्या बसल्यात असं तिने हळूच सांगितलं. मग ओव्हनकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि झाले का विचारलं. तो म्हणाला, झाले, पण हात लावता येईल इतके गार झाले की काढू. तिचे डोळे भरून आले. तिच्यामागून भोंगा आली, तिच्यामागून बाकीच्या तिघी, आणि त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

काका खाली का बसलेत, असं भोंग्याने विचारलं. तर याने तिला सगळं सांगितलं. भट्टी कशी तापते, गरम असताना दार उघडलं तर बाहेरची हवा लागून भांडं कसं तडकतं, तो आवाज कसा येतो. मुली कान देऊन ऐकत होत्या. मग भोंग्याने विचारलं, बर्गरपण तडकतो का?

तो विचारात पडला. त्याने खरोखरच विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला. "मी आजवर भाजला नव्हता."

मुली फिसकन हसल्या. मुंगी कानापर्यंत लाल झाली. तिने माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि दार उघडून ट्रे बाहेर काढला. पाव दिसायला झकास होते, सोनेरी. भोंग्याने दोन उचलून एकमेकांवर आपटले, तर खणखणीत आवाज आला. एकीने दाताखाली धरून बघितला आणि परत ताटलीत ठेवला. मुली पोट धरधरून हसायला लागल्या. त्यात वाईट काही नव्हतं, हसण्यासारखंच होतं ते, मीही हसले असते. पण मुंगी हसत नव्हती आणि माझ्या भावाचा चेहरा उतरला होता.

चूक माझी झाली, असं तो म्हणाला. तिच्याकडे बघूनच म्हणाला. मग ठरल्याप्रमाणे मागचं दार उघडून अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये गेला. मला इतकं वाईट वाटलं की त्या पोरीला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं. पण ती फ्रीजमध्ये डोकं घालून दुसरं खोकं काढत होती. खोक्यावरचं तिने दोनदा वाचलं, ओव्हनची बटणं बघितली, माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. मग ती मागच्या दाराने बाहेर गेली.

खिडकीतून मला दिसत होतं. ती वर्कशॉपच्या दारात उभी राहिली, नेहमीसारखी, तो वर बघेपर्यंत. तो चाकावर बसला होता. जाऊन पुरती पाच मिनिटं झाली नव्हती आणि हात मातीत बुडवूनही झाले होते. ती काहीतरी म्हणाली. त्याने हात दाखवले. ती आणखी काहीतरी म्हणाली आणि वळून चालायला लागली, आणि तो तिच्यामागून आला. मी मनाशी म्हटलं, गरज पडली म्हणून बोलावलं, फार हुरळून जायचं कारण नाही.

दुसऱ्या खोक्याच्या वेळी मुंगी हुकूम सोडत होती आणि तो पाळत होता. ओव्हन आधी लालभडक तापवला. तापलेल्या ओव्हनमध्ये गोठलेल्या बर्गरचा ट्रे सरकवताना त्याने डोळे मिटून घेतले, ते बघून भोंगा इतकी हसली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मग पाचही मुली काचेसमोर फरशीवर बसल्या आणि तो त्यांच्या मागे. मध्ये एकदा त्याने, जरा फट ठेवूया का, असं विचारलं. नाही, असं पाच जणींनी एकदम सांगितलं. पंधरा मिनिटं झाली तशी मुंगीने दार उघडलं. पाव मऊ, आतली टिक्की गरम, वाफा निघताहेत. ताटल्या फिरल्या आणि थोडा वेळ कुणाला बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

तो उठला. टेबलावर ठेवून झालं होतं, आता जायचं होतं. शर्टाला लागलेली माती झटकत तो मागच्या दाराशी गेला. भोंग्याने तोंडातला घास गालात सारला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारलं, "मुंगी, हे काका तुमचे कोण?"

त्याचा हात कडीवर थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी मुंगीकडे बघत होते, आणि मी तिला मनातल्या मनात इतकी दटावत होते की माझा जबडा दुखायला लागला. रंगारी म्हणालीस तर बघ.

मुंगीने घास चावला, गिळला. घाई केली नाही.

"आमचाच आहे," ती म्हणाली. "मातीची भांडी करतो. सगळंच सावकाश करतो तो." मग दाराकडे बघून म्हणाली, "चाललास कुठे? बस ना. तुझे दोन राहिलेत."

तो वळला. दोन मुलींनी सरकून जागा केली आणि तो त्यांच्यामध्ये फरशीवर बसला, मातीच्या हातांनी, इस्त्रीच्या शर्टात. मुंगीने ताटली पुढे केली. मी सांगायला गेले की अरे थांब, आत्ताच ओव्हनमधून निघालेत, पण तो थांबला नाही. त्याने अख्खा बर्गर तोंडात टाकला, आणि तो गिळायच्या आत दुसराही. जीभ चांगलीच पोळली असणार, कारण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुंगी त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.