बँडशिवाय तालीम

हत्यारबंद फौज छावणीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकते ती संरक्षण मंत्रालयाच्या कागदावरच. बंदुका त्यांच्या, कागद आमचा. परवानगीच्या टेबलावर एकवीस वर्षं मी बसते आहे, आणि माझी सही नसेल तर तो कागद पुढे सरकत नाही.

मंगळवारी कर्नल आग्बेको स्वतःच अर्ज घेऊन आले. एरवी शिपाई येतो.

"झिफाबाई, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम आहे. शुक्रवारी पहाटे. तेवढी सही टाका."

वाचलं. चाळीस ट्रक, तीन दिवसांचा शिधा, रेडिओभवनाच्या बाजूचा रस्ता.

"तालमीला तीन दिवसांचं जेवण?"

"पोरं खादाड आहेत हो."

"उद्या या. शिक्का कुलपात आहे," मी म्हटलं. शिक्का माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता.

ते गेल्यावर पुन्हा वाचलं. अर्जात बँड कुठेच नव्हता. आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा ढोलाशिवाय चार पावलं चालत नाहीत. बँडमास्तर लांप्टे माझ्या चर्चमधले. त्यांना फोन लावला.

"कसली तालीम, ताई? आम्हाला तर गुरुवारपासून सुट्टी दिलीये. न मागता."

सही केली तर शुक्रवारी रेडिओवरून नवं सरकार कोण जाहीर करेल, कुणास ठाऊक. आणि हे सांगायचं तरी कुणाला? मंत्र्यांना? कर्नल त्यांच्याच दालनातून हसत बाहेर पडताना मी पाहिले होते. सचिवांचा मेहुणा फौजेत. दाराशी बसणाऱ्या टेटेकडेही मी संशयाने पाहिलं. बिचारा नखं कापत होता.

शेवटी आयुष्यभर केलं तेच केलं. हरकतीचा कागद टाइप केला: 'बँडचा उल्लेख नाही, खुलासा व्हावा.' आणि खाली प्रतींची यादी. मंत्री, सेनापती, पोलीसप्रमुख, संसदेची समिती, सभापती, बिशप. एकाला सांगितलेलं दाबता येतं. सहा ठिकाणी आवक-नोंद झाली की प्रत्येक जण दुसऱ्याला भितो.

बुधवारी कर्नल आले. मी त्यांची प्रत पुढे ठेवली. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. यादी मात्र दोनदा वाचली.

"ह्या गेल्या?"

"सकाळी नऊला. सगळीकडून पोच आली."

"बिशपचा काय संबंध?"

"प्रार्थना तेच म्हणतात ना, साहेब. संचलनाची."

मग त्यांनी आपला अर्ज उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. "तालीम रद्द समजा."

जिना उतरणाऱ्या बुटांचा आवाज थांबला, तेव्हा पर्समधला शिक्का काढून मी कुलपात ठेवला.

दुपारी टेटेने पानात गुंडाळलेलं केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा आणून ठेवला. "खा मावशी. सकाळपासून उपाशी आहेस."

भूक सपाटून लागली होती. तरी आधी त्याला विचारलं, "कुणी दिलं रे हे?"