एकही फट नाही

दगाला मोबाइलवरच्या टेट्रिसचं वेड होतं, आणि ते लपवायची अक्कलही त्याला नव्हती. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या कापड बाजारात तो दिवसभर टेम्पोत पार्सलं रचायचा. घरी आला की हातपाय धुऊन वरून पडणारे ठोकळे रचत बसायचा. "दिनभर तेच, घर उना तरी तेच!" म्हणत त्याची बायको धनश्री कपाळाला हात लावायची. तिला कसं सांगणार? बाजारात कितीही नीट रचा, उद्या पुन्हा ढीग हजरच. इथे मात्र ओळ गच्च भरली की गायब होते आणि डोकं कसं हलकं होतं.

रविवारी ते भेस्तानच्या नव्या खोलीत राहायला निघाले. ओळखीचा टेम्पो एकाच फेरीपुरता मिळाला होता. दगाला सामानाची फिकीर नव्हती, फिकीर होती आईची. वडील गेल्यापासून सुभद्राबाई गावी एकटीच राहायची. तीन महिने विनवण्या करून त्याने तिला सुरतेला आणलं होतं, पण तिचं मन अजून इथे रमत नव्हतं. केबिनमध्ये तिला मळमळायचं, म्हणून तिने मागे सामानात बसायचं ठरलं होतं.

दगाने टेम्पो असा रचला की बघत राहावं. कपाटाशेजारी पेटी, पेटीवर गाद्या, गाद्यांच्या बगलेत पिंप, पिंपात भांडी. बोट शिरेल एवढीही फट नाही. शेजारचा भिकनसुद्धा "वा!" म्हणाला. दगाची छाती फुगली.

सुभद्राबाई पिशवी घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने टेम्पोकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मी कोठे बसू?"

दगाचा चेहरा खर्रकन उतरला. आईलाच विसरलो! लाजेने त्याला मान वर करवेना.

"ऱ्हाऊ दे," ती शांतपणे म्हणाली. "मी गावलेच जास."

दगा तडक टेम्पोवर चढला आणि सगळं सामान उतरवायला लागला. एखादी वस्तू काढून भागणारं नव्हतं, इतकं ते घट्ट बसलं होतं. मग त्याने आधी आईची गादी अंथरली आणि बाकीचं तिच्याभोवती लावलं. कपाट खालीच राहिलं.

"कपाटनं काय?" धनश्रीने विचारलं.

"भिकनकडे ऱ्हाऊ दे."

सुभद्राबाई गादीवर बसली. टेम्पो सुरू झाला तसा दगा मागच्या फळीला लटकायला गेला. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि जरा सरकली.

"लटकस कसाले? आठे बस. भरपूर जागा शे."