शोभनाताईंचा गोग्रास

शोभनाताईंनी चाळीस वर्षांत गोग्रास काढून ठेवल्याशिवाय घास घेतला नव्हता. नाशिकला गाय दारात यायची. फ्लोरिडात गिरीशकडे, म्हणजे मुलाकडे राहायला आल्यावर गाय आणायची कुठून? काढलेला घास पाखरांना जायचा.

पण २००४च्या नोव्हेंबरात गिरीशच्या घरामागच्या कालव्यात एक भलंमोठं करडं जनावर वर आलं, फुस्सकन श्वास सोडून काठाचं गवत खायला लागलं. शेजारी पिल्लू.

"आई, ही मॅनाटी. समुद्रातली गायच समज," गिरीश ऑफिसला निघता निघता म्हणाला.

झालं! बाईंना दुसरं काय हवं होतं? रोज अकराला पहिली पोळी, कोबीची पानं आणि "ये गं बाई, ये!" अशी हाक. आठवड्याभरात गाय हाकेला यायला लागली. गिरीशला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी सौमित्र जेवायला आला. गिरीशच्या ओळखीचा, नागपूरचा पोरगा, इथल्या विद्यापीठात मॅनाटींवरच संशोधन करणारा. शोभनाताईंनी मोठ्या कौतुकाने त्याला काठावर नेलं, हाक मारली. गाय आली. सौमित्रचा चेहरा उतरला.

"मावशी, हिला खायला घालता तुम्ही?"

"मग काय उपाशी ठेवू? विष तर घालत नाही ना मी!"

"तसं नाही हो. कायद्याने बंदी आहे, पण ते सोडा." त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. "मंगळवारी थंडीची लाट येतेय. हे पाणी वीस डिग्रीच्या खाली गेलं की ह्या आजारी पडतात, मरतात. वर तीन मैलांवर गरम पाण्याचा झरा आहे, सगळ्या कधीच्या तिकडे गेल्या. ही तुमच्या पोळीसाठी थांबलीय. आणि पिल्लू आईच्या मागे जाऊनच वाट शिकतं. या वर्षी नाही गेलं, तर त्याला वाट दाखवणार कोण?"

शोभनाताईंनी हातातली पोळी मागे घेतली. पुण्यकर्माच्या नावाखाली आपण काय करून बसलो!

सोमवारी अकराला त्यांनी दार लावून घेतलं. पोळी ताटात वाढली, गोग्रास न काढता. बाहेर फुस्स, फुस्स. गाय आली होती, थांबली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी तसाच घास तोंडात घातला आणि तो गिळताना रडू फुटलं. "जा ना गं बाई," त्या बंद दाराआडून पुटपुटत होत्या, "पोराला घेऊन जा."

मंगळवारी सकाळी गार वारं सुटलं. गाय तरीही आली. ताई कानांवर हात घट्ट दाबून बसल्या. बुधवारी कालवा सुनसान होता, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलंच नाही. मेली की गेली, कसं कळणार?

गुरुवारी सौमित्रचा फोन आला. "मावशी, झऱ्यावर आहेत दोघं! पिल्लू मस्त दूध पितंय."

"आई, चल, गाडी काढतो. बघून येऊ," गिरीश म्हणाला.

शोभनाताईंनी पदराने डोळे पुसले. चप्पल पायात सरकवली, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या.

"नको रे बाबा. तिला पाहिल्यावर माझ्या तोंडून हाक गेल्याशिवाय राहायची नाही. आणि ती येईल."