फक्त डांबरी रस्त्यावर चाललेली गाडी

काचेवर चिकटवलेला कागद निघता निघेना. डॉक्टरीणबाईंनी आधी ओल्या फडक्याने घासून पाहिलं, मग नखाने कोपरा उचलला, शेवटी घरातून जुनं ब्लेड आणलं. ‘बाईच्या हातची’ एवढा तुकडा फाटून हातात आला. ‘फक्त डांबरी रस्त्यावर चाललेली’ हा भाग मात्र काचेला घट्ट धरून बसला होता.

“अहो ताई, हे काय करताय!” फाटकातून दलाल धावतच आला. “गिऱ्हाईक यायची वेळ झाली!”

“हे कोणी लिहिलं?”

“मीच. रंगीत छापून आणलंय मुद्दाम.”

“ही गाडी डांबरी रस्त्यावर चालली? कुठल्या?”

“ताई, धंद्याची भाषा असते ती. बाईमाणसाच्या हातची गाडी म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं. म्हणजे कुठे पळवली नाही, कुठे आपटली नाही. भाजी आणायची, पोरं शाळेत सोडायची, एवढंच.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरांची डॉक्टर म्हणून त्यांची सारी नोकरी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेली होती. अडलेल्या गाईला सोडवायला, मेंढ्यांना लस टोचायला, लांडग्याने फाडलेलं खेचर शिवायला त्या याच गाडीतून गेल्या होत्या. मागच्या सीटवर एक शेळी व्याली होती, आणि तो वास पुढे सहा महिने गेला नव्हता. भाजी या गाडीने जन्मात आणली नव्हती. भाजी त्यांचे यजमान, शाळेतले मास्तर, सायकलवरून आणत. आता निवृत्ती झाली, गुडघ्यांनी संप पुकारला, क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून गाडी विकायचं ठरलं होतं. विकायला बाईंची ना नव्हती. पण विकायची म्हणून तिला भाजीची पिशवी करून टाकायची?

त्या एक हात चाकावर ठेवून कशाबशा खाली वाकल्या आणि गाडीच्या पोटाखाली पाहिलं.

“आणि हा काळा रंग कोणी फासला?”

“जरा ओरखडे होते ताई. टवके उडाले होते, पोचे होते. बरं दिसत नव्हतं.”

“ते ओरखडे माझे होते.”

दलालाने खिशातून रुमाल काढून बॉनेट पुसायला घेतलं.

गाडी घेतली तेव्हाही असाच तमाशा झाला होता. घरातल्या ज्याला त्याला मत होतं. दिरांना गुळगुळीत बसकी गाडी हवी होती, सासूबाईंना पांढरी. बाई मात्र दुकानात जाऊन सरळ गाडीखाली शिरल्या, कपडे मळतील याची पर्वा न करता, आणि तिथूनच विचारत राहिल्या: इंजिन हवा कुठून घेतं, चारही चाकं ओढतात का, सुटे भाग कुठे मिळतात, गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येईल का. विक्रेता उत्तरं मास्तरांना देत होता. शेवटी मास्तर म्हणाले, “तिलाच सांगा हो. मला तर गाडी लागते.” तेवढ्या एका वाक्यासाठी बाईंनी मास्तरांचे पुढचे पुष्कळ अपराध पोटात घातले होते.

गिऱ्हाईक आलं. एक तरुण, त्याची बायको, तिच्या कडेवर वर्षाची मुलगी, आणि पुढे पुढे चालणारे त्याचे मामा. तरुण हवामान खात्यात होता. खोऱ्याच्या वरच्या टोकाला पाऊस-वारा मोजायचं केंद्र आहे, तिथे त्याची बदली झाली होती आणि पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवायचं होतं. दलालाने त्यांना दोन गाड्या दाखवायच्या ठरवल्या होत्या. दुसरी त्याने आधीच रस्त्यावर आणून उभी केली होती: लाल, चकचकीत, मऊ सीट, मागच्या माणसालाही थंड हवा. दिसायला दणकट, पण ओढणारी चाकं फक्त पुढची, आणि पोट असं खाली की वाटेतला दगडही तिला शेजारी वाटावा.

मामांनी बाईंच्या गाडीच्या बॉनेटवर टकटक केली. टायरला लाथ मारली. दार उघडून जोरात आपटलं.

“बाईंनी चालवलीय ना? मग क्लच गेला असणार.”

“छे हो, बाईंनीच चालवलीय म्हणून तर जपलीय!” दलाल म्हणाला.

“ते खरं,” मामा लगेच म्हणाले. “बायका जपून चालवतात. घाबरून चालवतात.”

बाई तिथेच उभ्या होत्या, दोन हात अंतरावर. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. प्रश्न सगळे मास्तरांना चालले होते: किती पळते, किती पिते, थंडीत चालू होते का. मास्तर बिचारे प्रत्येक प्रश्न घेऊन बाईंकडे वळत, बाई उत्तर देत, आणि मामा ते उत्तर मास्तरांकडूनच मिळाल्यासारखी मान डोलावत. उंटावरून शेळ्या हाकणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते, पण या माणसाने तर आयुष्यात उंटही पाहिलेला दिसत नव्हता.

तरुणाची बायको एवढा वेळ गप्प होती. मुलीला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, “मला एकच विचारायचंय. वाटेत नदी आहे म्हणतात. पावसाळ्यात पलीकडे जाता येतं का?”

“मोबाइलवर रस्ता सरळ दिसतोय की,” मामा म्हणाले. “ही बघ रेघ. कुठे तुटलीय?”

“अगदी बिनघोर जा,” मास्तर म्हणाले. या प्रश्नाची ते वाटच पाहत असावेत असे खुलले. “नदीवर चांगला पूल आहे. तीसेक वर्षं झाली त्याला. मी भूगोल शिकवायचो ना, मला तिकडचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे. पुलावरून उतरलात की डांबरी रस्ता थेट वरपर्यंत. हिला विचारा, ही रोज जायची.”

बायकोचा चेहरा सैल झाला. “मग बरं झालं,” ती नवऱ्याला म्हणाली. “पूल असेल तर ती लालच घेऊ या. सीट चांगली आहे, हिला झोप लागेल.”

“तेच म्हणतोय मी केव्हाचा,” मामा म्हणाले.

डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

नदीवर पूल नव्हता. कधीच नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यात ऑफिसची जीप पाण्यात बंद पडली आणि बाई दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून घरी आल्या, तेव्हा सासूबाईंनी जेवणाचं ताट समोर ठेवून सांगितलं होतं: बास झाली नोकरी. दीर म्हणाले, गुरांपायी घरची लेकरं उघडी टाकायची का? मास्तर काही बोलले नव्हते. महिनाभर घरात तो एकच विषय होता. मग एका संध्याकाळी हातपाय धुता धुता बाई सहज म्हणाल्या, अहो, नदीवर पूल झाला की. आणि पुढे डांबरीकरणही. त्या दिवसापासून घर शांत झालं. पुढे पैसे साठवून बाईंनी स्वतःची ही गाडी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत त्या रोज संध्याकाळी त्या नसलेल्या पुलावरून घरी येत राहिल्या. खोऱ्यातली माणसं बाजाराला पलीकडच्या बाजूला उतरत, मास्तरांना गाडी लागे. खोटं उघडं पडायचं काही कारणच नव्हतं.

“लालचंच बोलू मग?” दलालाने हात चोळले.

“पूल नाही,” बाई म्हणाल्या.

“काय म्हणालात?” तरुणाने विचारलं. तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला होता.

“नदीवर पूल नाही. डांबरही नाही. फाट्यापासून वर नुसता दगड आणि माती. नदी आडवी येते तिथे गाडी पाण्यातच घालावी लागते.”

दलाल हसायला लागला. “ताई गंमत करतात.”

“गंमत तू केलीस. रंगीत छापून.” बाईंचा आवाज चढला. “लेकुरवाळी बाई त्या वाटेने जाणार आहे आणि तू तिला सीट किती मऊ ते दाखवतोस? मामा, तुम्ही टायरला लाथ मारलीत, तिच्या पोटाखाली वाकून पाहिलंत का? ही लाल गाडी इंजिनाची हवा कुठून घेते, विचारलंत? दिव्याच्या खालून. गुडघाभर पाण्यात ती पाणी पिईल आणि मधोमध बसेल. मग काय रेघ दाखवाल नदीला?”

मामांनी मोबाइल खिशात घातला.

बाई तरुणाच्या बायकोकडे वळल्या. आता त्या तिच्याशीच बोलत होत्या. “नीट ऐक. काठावर थांबायचं. आधी काठी घेऊन स्वतः पाण्यात चालून बघायचं. गुडघ्याच्या वर लागलं तर गाडी घालायची नाही, परत फिरायचं. कोणी कितीही हसू दे. घातली तर चारही चाकं जोडणारी ही छोटी दांडी मागे ओढून, पहिल्या गिअरमध्ये. मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही. लेकराला आधी चालत पलीकडे न्यायचं की मागे ठेवायचं, ते पाणी बघून ठरवायचं. ही गाडी घेतलीच पाहिजे असं नाही. पण घ्याल ती असली घ्या. पोट उंच, चारही चाकं ओढणारी, आणि गावातल्या कोणालाही उघडता येईल अशी.”

“म्हणजे ही गाडी इतकी वर्षं पाण्यातून गेलीय?” मामांना आता कंठ फुटला. “अहो, मग हे भंगारच!”

“पाण्यातून गेलीय आणि दर वेळी परत आलीय.”

बायकोने मुलीला नवऱ्याच्या हातात दिलं. ओढणी कमरेला खोचली, गुडघे टेकले आणि ती गाडीखाली डोकावली. बराच वेळ तिथे काय पाहत होती कोण जाणे. उठली तेव्हा तिच्या तळव्याला काळा रंग लागला होता.

“आम्ही उद्या सकाळी येतो,” ती म्हणाली. “नदीपर्यंत जाऊन येऊ. तुम्ही शेजारी बसाल? मी चालवीन.”

“तू?” मामा म्हणाले.

“हा दिवसभर केंद्रावर असणार. लेकीला ताप आला तर दुसरं कोण चालवणार आहे?”

“बसेन की,” बाई म्हणाल्या.

मंडळी गेली. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात, असं काहीबाही पुटपुटत दलाल लाल गाडी घेऊन गेला. अंगणात नवरा-बायको दोघंच उरले. मास्तर मघा जिथे उभे होते तिथेच उभे होते.

“कधी वाहून गेला?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पूल.”

“वाहून जायला आधी असावा लागतो.”

मास्तर पायरीवर बसले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

“वर्गातल्या नकाशावर मी तो शाईने काढला होता,” ते म्हणाले. “नकाशे जुने असतात, सुधारून घ्यावे लागतात, असं पोरांना सांगायचो. परीक्षेलासुद्धा विचारायचो.”

एरवी बाई हसल्या असत्या. पण त्यांचा राग अजून खाली बसला नव्हता, आणि त्याला आता खरं ठिकाण सापडलं होतं. तो दलालावरचा राग नव्हता की मामांवरचा.

“तुमच्या आईने नोकरी सोड म्हणून सांगितलं त्या दिवशी तुम्ही मान खाली घालून जेवत होतात. भात संपेपर्यंत मान वर केली नाहीत. मी वाट पाहिली. महिनाभर वाट पाहिली. मग मी पूल बांधला.”

“नोकरी सोड, असं मी कधी म्हणालो नाही.”

“सोडू नकोस, असंही म्हणाला नाहीत.”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“दर पावसाळ्यात?” मास्तरांनी विचारलं.

“दर पावसाळ्यात.”

“धाकटीच्या वेळी?”

“सातव्या महिन्यापर्यंत.”

मास्तर उठले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज चढलेला बाईंनी ऐकला नव्हता. आज तो चढला, आणि अर्ध्यातच फाटला.

“तुला काही झालं असतं ना,” ते म्हणाले, “तर मी पूल शोधत फिरलो असतो. सगळ्यांना घेऊन, कंदील घेऊन, तुझं नाव घेत त्या पुलाखाली शोधलं असतं तुला. आणि पूलच नव्हता गं तिथे.”

बाई पायरीवर त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि मग, गुडघे दुखत होते तरी, त्यांना घेऊन खाली बसल्या.