कुरड्यांशेजारी वाळत घातलेला हेडसेट

मी एक जुना हेडसेट आहे, आणि आधीच सांगतो मित्रांनो, मी फार थकलो आहे. थकलेल्याची गोष्ट लांबत नाही, तेव्हा घाबरू नका. डोळ्यांवर बांधलं की जो माणसाला भोवतालची खोली विसरायला लावतो आणि चित्रांच्या जगात नेऊन उभं करतो, तो मी.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला, ताराचंदजींच्या बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर होतो. तिथे त्यांची मुलं, रुचिका आणि निकेश, व्हीआरच्या ॲनिमेशन फिल्म बनवतात. दोन खोल्या, तीन संगणक आणि मे महिन्यात हात टेकणारा एक कूलर, एवढाच तो स्टुडिओ. रुचिका झाडं, माणसं, आभाळ घडवायची. निकेश त्यांना चालवायचा, हलवायचा. आणि चुका शोधायच्या म्हटल्या की मला डोळ्यांवर चढवायचे. घाला, काढा, पुन्हा घाला. एका चिमणीचा पंख नीट फडफडावा म्हणून मी एका दिवसात साठ वेळा चढलो-उतरलो आहे!

फिल्म दाखवायला शाळांतही जावं लागे. दोनशे मुलांचा घाम, डोक्याचं तेल आणि कुणाकुणाचा शेंबूडसुद्धा मी निमूट सोसला. टाळ्या फिल्मला मिळायच्या. मला कोण विचारतो?

माझं नशीब फिरलं ते तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. रुचिका तेव्हा आपल्या आईच्या, चतुराबाईंच्या, वांग्याच्या वाडीवर फिल्म करत होती. चतुराबाई भाजी पिकवतात आणि बाजारात स्वतः विकतात. मुलीच्या कामाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, पण कौतुकही केलं नाही. फिल्म झाली की पहिल्यांदा आईलाच दाखवायची, असं रुचिकाने मनाशी ठरवलं होतं.

एका सकाळी चतुराबाई झाडायला वर आल्या आणि त्यांना माझा आंबूस वास आला. आता वर्ध्याच्या घरात ओलं, कुबट काही असलं की ते थेट गच्चीवर जातं. त्यांनी मला ओल्या फडक्याने मायेने पुसलं, आणि स्वच्छ लुगड्यावर कुरड्या वाळत होत्या त्यांच्या शेजारी, काचा आभाळाकडे करून ठेवलं.

मित्रांनो, माझ्या त्या काचा म्हणजे भिंगं. भिंगातून ऊन धरून कागद कसा जळतो, ते तुम्ही करून पाहिलं असेलच. काही मिनिटांत माझा उजवा पडदा आतून भाजला. तिथे पिवळट डाग पडला, तो कायमचा.

रुचिका गच्चीवर धावत आली. "तू काऊन हात लावला याले? तुले काही समजते का यातलं?" ती ओरडली.  अर्धवट ओल्या कुरड्या गोळा करून चतुराबाई खाली गेल्या, आणि पुढे जवळजवळ तीन वर्षं तो जिना चढल्या नाहीत.

नवे हेडसेट आले. मी तुटक्या वायरींबरोबर खोक्यात गेलो. वाडीची फिल्म नागपूर-पुण्याला गाजली, पण जिच्यासाठी केली तिने ती पाहिलीच नाही. रुचिकाने कितीदा विनवलं. "नको बाई, माह्या हातानं अजून काई बिघडन," एवढंच उत्तर यायचं. रुचिकाला ते लागायचं, पण माफी मागायला जीभ रेटायची नाही. खोक्यात पडल्या पडल्या मला तिचा रागही यायचा आणि कीवही.

मागच्या महिन्यात निकेश नवे हेडसेट घेऊन नागपूरला गेला होता. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. चतुराबाई!

"ते बिघडलेलं हाय का अजून?" त्यांनी विचारलं. "त्यात दाखव. ते तं बिघडलंच हाय, आता आणखी काय बिघडन?"

रुचिकाने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला आईच्या डोळ्यांवर बांधलं. समोर वाडी उभी राहिली, मधोमध माझा डाग.

"हा डाग मीच पाडला ना?"

"चूक माही होती, आई. मी तुले सांगतलंच नव्हतं. अन् वरून ओरडली."

 चतुराबाई उकिडव्या बसल्या आणि मान वाकडी करून वांग्याचं पान खालून बघू लागल्या. तिथे काहीच नव्हतं. संगणकाला जड होऊ नये म्हणून पानांची फक्त वरची बाजू रंगवली होती. खालून पाहिलं की पानच नाहीसं व्हायचं. शेकडो जाणत्यांनी ही फिल्म उभ्याने पाहिली होती. वाकलं कुणीच नव्हतं.

"पोरी, याले खालून पानच नाई. मावा कीड तं खालूनच लागते ना वं!"

रुचिका आधी हसली, मग आईशेजारी फरशीवर बसून रडली. दुसऱ्या दिवसापासून ती पानांच्या खालच्या बाजू रंगवते आहे आणि चतुराबाई रोज दुपारी मला बांधून तपासतात. म्हणजे थकव्यातून माझी सुटका नाहीच. पण हा थकवा मला चालतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या काचा कधी उन्हाकडे करून ठेवू नका. आणि घरातल्या कुणी चुकून ठेवल्याच, तर तोंड उघडण्याआधी एवढं बघा, की चतुराबाईंनी मला घरच्या वर्षभराच्या कुरड्यांच्या शेजारी, मायेने, जागा दिली होती.